चुकांचा तास

आमच्या आरोग्य संस्थेत महिन्यातून एकदा चुकांचा तास असतो. देशोदेशीची कार्यालयं पडद्यावर एकत्र येतात आणि प्रत्येकाने आपली एक फजिती सांगायची. लस उन्हात राहिली, औषधांच्या पेट्या भलत्याच बंदरात उतरल्या, असलं काहीबाही. एकाला ठेच लागली की बाकीच्यांनी शहाणं व्हायचं. नियम एकच, सांगणाऱ्याला प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न आले की माणसं खोटं बोलायला लागतात, असं मोठ्या बाईंचं, म्हणजे आमच्या कार्यालयाच्या प्रमुखांचं म्हणणं. हा तास जुळवायचा आणि ऐकलेलं सगळीकडे पोचवायचं, हे माझं काम. माझी धाकटी नणंद म्हणते, "वहिनीला चुगल्या करायचा पगार मिळतो."

तिला घरी सगळे बारकी म्हणतात. ती आमच्याच संस्थेत नर्स आहे, वस्तीवस्तीत जाऊन लस टोचते. सासूबाई नको नको म्हणत असताना मीच तिला इथे लावली.

समुद्रापलीकडच्या कार्यालयात एक डॉक्टर आहेत. मी त्यांना कधी भेटले नाही, फक्त आवाज ओळखते. एका तासाला त्यांनी सांगायला घेतलं, की आमच्या केंद्रावर जमाव चालून आला, आम्ही दार आतून लावून घेतलं, आणि... तिथेच थांबले. "पुढचं राहू द्या," म्हणाले. कुणी विचारलं नाही. मोठ्या बाईंनी तेवढंच उचललं आणि आमच्या सूचनांत एक ओळ वाढली. जमाव आला, तर दार लावून आत थांबा.

पुढे एका दुपारी मी सामानाच्या खोलीत, खोक्यांच्या आडोशाला, बाळाला पाजत बसले होते. बारकीचा फोन आला.

"वहिनी, दगड मारतायत."

तिच्या मागे पत्र्यावर धडाधड आवाज येत होते.

"कुणाला? तू कुठेयस?"

"केंद्रात. एक पोरगं सुई बघूनच चक्कर येऊन पडलं. उठून पाणीही प्यालं गं ते, पण तोवर बाहेर बोंब उठली, मेलं म्हणून. वहिनी, मामांना धरलंय."

मामा म्हणजे आमच्या गाडीचे चालक. मी पोटुशी होते तेव्हा घरी सोडताना गाडी अशी चालवायचे, की मांडीवरच्या वाटीतलं दूध हिंदकळू नये.

"मला खिडकीतून दिसतायत," बारकी म्हणाली. "गाडीतून ओढून काढलं. जॅकने मारतायत वहिनी, गाडीच्याच जॅकने. गुडघ्यांवर मारलं. आता तोंडावर. ते हात पण वर करत नाहीयेत."

मी ओरडले तशा मोठ्या बाई धावत आल्या. ऐकलं, पोलिसांना फोन लावला, निरोप दिला आणि मला म्हणाल्या, "निघालेत ते. तिला सांग, दार लावून शांत बस. सूचना आहे आपली."

"लावलंय," बारकी म्हणाली. "कपाटही सरकवलंय."

तेव्हा मला ते "पुढचं राहू द्या" आठवलं. पुढचं म्हणजे काय होतं? मी कार्यालयाच्या दुसऱ्या फोनवरून डॉक्टरांना लावला.

"अगं, कुणाला छेडतेस?" मोठ्या बाई म्हणाल्या. "नियम आहे आपला."

"चुलीत घाला नियम."

डॉक्टरांनी उचलला. मी नमस्कारही केला नाही. "डॉक्टर, दार लावल्यावर पुढे काय झालं?"

"ते राहू द्या म्हटलं होतं मी," ते म्हणाले.

"माझी नणंद आत आहे. आत्ता. दार लावून. सांगा लवकर."

मग ते बोलले, एखाद्या रोग्याची माहिती द्यावी तसे, भराभर. "कुऱ्हाडीने दार फोडलं. माझ्या नर्सला केसांना धरून ओढली. डोकं उंबऱ्यावर आपटलं, थांबेचनात. कवटी फुटली तरी आपटत होते. मी कपाटामागे होतो, मला सगळं दिसत होतं."

"पण का?"

"आत एक मूल होतं. दगड लागू नये म्हणून आम्हीच आत घेतलेलं. बाहेरच्यांना वाटलं, कोंडलंय. ते दार आमच्यासाठी फोडतच नव्हते हो, त्या मुलासाठी फोडत होते. तुमच्या तिथे आत मुलं आहेत?"

मी पहिल्या फोनवर विचारलं.

"आहेत की!" बारकी म्हणाली. "दगडांत कशी सोडू? टेबलाखाली बसवलीत सगळी."

"आणि आया?"

"बाहेर. त्याच तर दार बडवतायत."

डॉक्टरांनी ते ऐकलं. "दार उघडायला सांगा. जे पडलं होतं ते मूल सगळ्यांत आधी. कडेवर नको, उभं धरा, डोळे उघडे दिसले पाहिजेत. कुठल्याही पुरुषाच्या हातात द्यायचं नाही. आईला हाक मारा, आईच्याच हातात."

"डोकं फिरलंय का तुमचं दोघांचं?" मोठ्या बाई माझ्या हातातल्या फोनवर झडप घालत म्हणाल्या. "तिला काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी. घरीही मीच तोंड दाखवणार आहे." बाळासकट मी खोक्यांकडे सरकले. "बारके, ऐक. कपाट बाजूला कर आणि दार उघड."

"मारतील गं."

"मारतील," मी म्हणाले. तिला खोटं काय सांगू? "पण दार त्यांनी फोडलं तर जिवंत ठेवणार नाहीत. त्यांना पोरं हवीत. पोरं दे."

ती हुंदका गिळून म्हणाली, "आईला सांग, वहिनीनेच सांगितलं म्हणून." आणि फोन एप्रनच्या खिशात टाकला.

त्यापुढचं मी नुसतं ऐकलं. कपाट घासत गेलं. कडी निघाली. मग एकदम बाहेरचा गलका आत शिरला आणि त्यावर बारकीचा आवाज, भाजीवाल्याशी भांडताना लागतो तसा. "ह्याची आई कोण? ए बाई, पुढे ये! घे तुझं लेकरू! डोळे बघ त्याचे, बघ!"

काहीतरी थाडकन बसलं. ती कण्हली. "दुसरं," म्हणाली. "तुझी आई कुठली रे? लाल पदराची? ए लाल पदर, घे!" पुन्हा एक तडाखा. या वेळी हाड मोडल्याचा आवाज आला, वाळकी फांदी मोडावी तसा. ती किंचाळली, पण "घे" म्हणालीच. मग तिचे शब्द भरडल्यासारखे यायला लागले, तोंडात काहीतरी साचल्यासारखे. बाळाने त्याच वेळी मला नव्या दाताने कडकडून चावलं. पदराला रक्त लागलेलं मी संध्याकाळी पाहिलं.

बायकांतली एक ओरडली, "अरे सोडा तिला! पोरं देतेय ना ती!" दुसरीही ओरडली. तरी एक जण मारतच होता, ते ऐकू येत होतं. मग बायकांची झटापट, शिव्या, कुणाची तरी काठी हिसकावल्याचा आवाज, आणि फोन खाली पडला.

पोलिसांची गाडी आली तेव्हा तो एका हवालदाराने उचलला. नर्स जिवंत आहे, म्हणाला. जबडा मोडलाय, डावा हात दोन ठिकाणी, दातही गेलेत. मुलं सगळी आपापल्या आयांकडे. मी चालकांचं विचारलं.

"ते गाडीमागे सापडले. चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. खिशातल्या ओळखपत्रावरून कळलं."

मामांसाठी दार नव्हतंच. त्यांना कुणी सोडवलं नाही.

मी भिंतीला डोकं टेकलं. बाळ पोट भरून झोपलं होतं. दुसऱ्या फोनवर डॉक्टर अजून होते, त्यांनी ठेवलाच नव्हता.

"मुलगी वाचली," मी म्हणाले. "आमचे मामा गेले."

ते म्हणाले, "त्यांच्या घरी कुणी सांगितलं?"

"मोठ्या बाई माणूस पाठवतायत."

"माणूस पाठवू नका. तुम्ही जा. आणि ऐका, मी माझ्या नर्सच्या घरी गेलो तेव्हा आधी सगळी हकिगत सांगत बसलो. केंद्र कुठलं, जमाव कसा आला, दार कसं लावलं. तिचा नवरा प्रत्येक वाक्याला विचारत होता, मग आता कुठल्या दवाखान्यात आहे ती? मी सांगत राहिलो आणि तो विचारत राहिला. तसं करू नका. आधी वारले म्हणा. तोच शब्द. गेले नको, देवाघरी नको, काही वाईट झालंय असंही नको. मग घरचे जे जे विचारतील ते सांगा."

"सगळं?"

"विचारलं तर सगळं."

मी बाळाला शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे दिलं आणि निघाले. रिक्षात नाना वाक्यं तोंडात येत होती. मामी, जरा बसा. मामी, आज एक घटना घडली. सगळी एकेक करून गिळली.

मामी दारातच धुणं वाळत घालत होत्या. मामांचा खाकी सदरा झटकत होत्या. मला पाहून हसल्या. "अगंबाई, तू? आणि छकुलं कुठेय? ह्यांनी सोडलं का तुला कोपऱ्यावर? गाडी लावतायत वाटतं."

"मामी," मी म्हणाले, "मामा वारले."

सदरा त्यांच्या हातात तसाच राहिला. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कसे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा हात धरला, पायरीवर बसवलं, शेजारी बसले, आणि सांगायला लागले.