दुसरी खुर्ची

अध्यक्षांनी माझाच जुना अहवाल माझ्यापुढे सरकवला.

"तुम्हीच लिहिलंय, मॅडम. शंभरातल्या ब्याण्णव बायका म्हणतात, बाळंतपण, पाळी, गर्भनिरोधन, कशाचीच अडचण नाही. मग वेगळा दवाखाना हवा कशाला? तिथे रक्ततपासणीची लॅब काढू."

निवृत्त झाल्यावर वडिलांचं घर मी या संस्थेला दिलं ते बायकांच्या दवाखान्यासाठी. दानपत्रात मात्र 'आरोग्यकार्यासाठी' एवढंच लिहिलं. जन्मभर समाजशास्त्र शिकवलं, व्यवहारात शून्य. आता पाच विश्वस्तांपैकी तिघांचे हात वर गेले की दवाखान्याला कुलूप.

त्या अहवालावर माझी बढती झाली, भिंतीवर मानपत्र आलं. तो चुकलाय हे मला वीस वर्षं माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसले. त्याची मला लाज वाटते.

"तो अहवाल चुकीचा आहे," मी म्हणाले. "प्रत्येक घरी मी दोन खुर्च्या मागायचे. एक माझी, एक त्या घरच्या बाईची. तिच्या खुर्चीत सासू बसायची, नाहीतर नवरा. ती दाराशी उभी. प्रश्न मी तिला विचारायचे, उत्तर खुर्चीतून यायचं. आणि मी ते तिचं म्हणून लिहून घेतलं. चारशे घरांत."

"या वयात हात दाखवून अवलक्षण कशाला?" अध्यक्ष म्हणाले. "मानपत्र परत मागतील."

"नेऊ देत. भिंत तरी पुसून घेता येईल."

अध्यक्षांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती. तीही विश्वस्त. सहा वर्षांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

"तिचं मत माझंच," अध्यक्ष म्हणाले.

डॉक्टर आणि बिल्डर, उरलेले दोघे, हसले. माझं डोकं सणकलं.

"तुम्ही तिघं जरा बाहेर थांबा."

"अहो, मी अध्यक्ष आहे."

"म्हणूनच."

दार उघडून मी उभी राहिले. गुडघा ठणकत होता, पण हलले नाही. शेवटी पुटपुटत गेले तिघं. अध्यक्षांची खुर्चीही मी बाहेर ढकलली; तिचा काय भरवसा, तीच उत्तर द्यायची.

मग दार लावून वहिनींसमोर बसले आणि तोच जुना प्रश्न विचारला. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. मग बोलल्या, चांगली पंधरा मिनिटं. काय बोलल्या ते मी सांगणार नाही. माझ्या हातात पेनही नव्हतं.

दार उघडलं.

"काय म्हणाली ही?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"त्यांनाच विचारा. दवाखाना राहावा असं कोणाला वाटतं? हात वर करा."

पहिला हात वहिनींचा. दुसरा माझा. डॉक्टरांनी एकदा वहिनींकडे पाहिलं आणि मान खाली घालून तिसरा वर केला.

अध्यक्ष बसायला वळले. खुर्ची बाहेरच होती. ते दाराशी उभे राहिले.