माझे चारही दिवे हिरवे होते

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. अडगळीच्या खोक्यात, दोन बंद घड्याळे आणि मिक्सरचे एक झाकण यांच्या शेजारी माझा मुक्काम आहे. मी बिघडलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यावर आळ आला आहे आणि तो खोटा आहे.

कारखान्यात एका बाईने माझ्या पाठीवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवली, दुसरीने मला खोक्यात घातले, एवढेच माझे बालपण. मला बसवायला आलेला तंत्रज्ञ मात्र मोठा जाणकार होता. त्याने मला घराच्या मध्यावर उघड्या फळीवर ठेवले आणि कपाटात कोंबू नका, असे घरातल्या मुलाला बजावले. मुलगा कसला, चांगला पन्नाशीचा गृहस्थ. ऑफिसचे काम घरूनच करायचा. मग तंत्रज्ञाने त्याच्या आईला, म्हणजे मागच्या खोलीतल्या आजींना, एक युक्ती शिकवली. नेट गेले की माझे बटण बंद करायचे, तीस आकडे मोजायचे आणि पुन्हा चालू करायचे.

आजींकडे लेकाने वापरून टाकलेला फोन होता. त्यात सिम नव्हते, तो माझ्याच जिवावर चालायचा. रोज चार वाजता त्यांची दूरदेशी राहणारी धाकटी बहीण त्यावर फोन करायची. दोघी कानांनी अधू, त्यामुळे बोलणे साऱ्या घराला ऐकू जाई. धाकटी अंथरुणाला खिळली होती. ती आता उठणार नाही हे दोघींनाही ठाऊक होते, आणि तरी दोघी शाळेतल्या कुठल्याशा बाईंची नक्कल करून खिदळायच्या. माझी दिवसातली ती सर्वांत आवडती वेळ होती.

एके दिवशी ते खिदळणे मुलाच्या मीटिंगमध्ये ऐकू गेले आणि पलीकडे कोणीतरी हसले. मीटिंग संपताच त्याने माझे सेटिंग उघडले आणि आजींच्या फोनचे तेवढे नेट बंद करून टाकले. बायकोला म्हणाला, आठवडाभर तरी शांतता मिळू दे. आजींना सांगितले, राउटर बिघडलाय.

माझे चारही दिवे हिरवे होते. पण आजींना दिव्यांतले काय कळणार? चार वाजता त्या काठी टेकत आल्या, बटण बंद केले आणि मोठ्याने तीस आकडे मोजले. तिकडे मुलाची मीटिंग तुटली. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवशी त्याने मला उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवले, जिथे आजींचा हात पोचत नव्हता.

मग त्या रोज चार वाजता खाली उभ्या राहून मला शिव्या घालू लागल्या. मला तोंड नाही. असते तर त्या घरात एकाचीही झोप शाबूत ठेवली नसती. आठवड्याचे तीन आठवडे झाले. शांतता घराच्या अंगवळणी पडली. मधेच धाकटीच्या लेकीने मुलाला फोन केला.

"दादा, आई दिवसभर फोनकडेच बघत असते. मावशीला एकदा तिच्याशी बोलायला सांग ना."

"सांगतो," तो म्हणाला आणि पुढच्या मीटिंगला बसला.

शेवटी आजींनी शेजारणीला सांगून तंत्रज्ञाला बोलावले. त्याने स्टुलावर चढून मला तपासले, स्वतःच्या फोनवर माझे सेटिंग पाहिले आणि कोणाचा फोन बंद केलाय ते त्याला लगेच दिसले. मुलगा दारात हाताची घडी घालून उभा होता. तंत्रज्ञाने मान खाली घातली.

"आजी, तुमचा फोनच जुना झालाय. त्याचं आता काही होणार नाही."

मुलापेक्षा मला याचाच राग जास्त आला. मुलगा स्वार्थी होता. हा तर जाणकार होता.

चार दिवसांनी सकाळीच धाकटीच्या लेकीचा पुन्हा फोन आला. तिची आई गेली होती. मुलाने आधी माझे सेटिंग उघडून आजींचा फोन चालू केला आणि मगच तो त्यांच्या खोलीत गेला. तो तोंड उघडेपर्यंत तिथे साठलेल्या निरोपांनी फोन वाजायला लागला होता. एवढ्या दिवसांत धाकटीने एकेचाळीस वेळा फोन केला होता. शेवटी एक निरोप बोलून ठेवला होता, तो आजींनी लावला.

"ताई, रागावलीस का गं माझ्यावर? काय चुकलं ते तरी सांग."

मुलाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मला वाटले, आता तरी हा खरे बोलेल. त्याने मावशी गेल्याचे सांगितले, आणि लगेच म्हणाला, फोन ठीक आहे, राउटरच खराब होता, आजच नवा मागवतो, हा फेकूनच देऊ. आजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तू तरी काय करणार बाळा, असे त्या त्यालाच समजावत होत्या. मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि बहिणीला उत्तर दिले.

"रागावले नव्हते गं. आमचं यंत्र बिघडलं होतं."

तो निरोप मी क्षणात पोचवला. माझ्या हातून झालेले ते शेवटचे काम.

मित्रांनो, मला पुसा, जपा, अशी विनंती मी करणार नाही. तुमच्या मागच्या खोलीत कोणी फोन हातात धरून बसले असेल, तर आत्ता उठा आणि तो चालतोय का ते बघून या.