व्याह्याची हिरवी वायर

"सांगितलं तर तुझा विश्वास बसणार नाही, पोरी. आजवर कुणाचाच बसलेला नाही. या पाइपाखाली माझा व्याही आहे."

शेजारी नव्यानं राहायला आलेली बाई कुंपणापलीकडून बघत होती. रोप नाही, वेल नाही, आणि मी म्हातारा सिमेंटच्या चौकटीत उभ्या केलेल्या पाइपात बादलीभर पाणी ओततोय, हे काही तिला उमजेना.

"पुरलाय की काय, काका?"

"छे! तो त्याच्या गावी वारला, रीतसर. इथं त्याची राखण आहे. ऐक."

मागे माझी सून दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ही गोष्ट तिच्या बापाची, आणि माझ्या तोंडून ऐकून ऐकून तिला पाठ झालेली.

माझा व्याही वायरमन. पण साधासुधा नव्हे. भिंतीला कान लावला की आतली वीज कुठून कुठं निघालीय ते त्याला ऐकू यायचं. तारेवर बसण्याआधी पाखरं त्याच्याकडे बघायची. त्यानं मान डोलावली तरच बसायची. लग्नानंतर तो पहिल्यांदा लेकीकडे जेवायला आला. ताट वाढलेलं. बसता बसता थबकला, फ्रिजमागच्या सॉकेटकडे कान केला आणि म्हणाला, "व्याहीबुवा, याचं तिसरं भोक मुकं आहे."

"मुकं कसं? नव्या पद्धतीचे सॉकेट आहेत, हौसेनं बसवलेत!"

त्यानं मेन स्विच बंद केला. टेस्टर लावून वीज खरंच गेलीय याची खात्री केली, मगच स्क्रू काढले. आत दोनच वायरी. तिसऱ्या भोकामागे नुसती भिंत! घरभर तेच. आमच्या वायरमननं तोंडं तीन ठेवली होती, घसे दोनच.

"दोन वायरी विजेच्या रोजच्या येण्याजाण्याच्या," व्याही म्हणाला. "तिसरी हिरवी. ती जन्मभर रिकामी बसते. पण एखाद्या दिवशी आतली वायर सोलवटते, वीज फ्रिजच्या पत्र्यावर येते. तिला जमिनीत जायला वाट हवी. हिरवी वायर नसेल, तर पत्र्याला जो हात लावेल त्याच्यातूनच ती वाट काढते."

एवढं बोलून त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथं त्याची लेक ओल्या हातांनी भांडी विसळत होती.

"मग काय, पोरी! मी उठलो, पहार घेतली, म्हटलं, 'चला व्याही!' दोघांनी इथं माणूसभर खड्डा खणला. इतकं खोल गेलो की जमिनीच्या पलीकडच्या बाजूला राहणाऱ्यांचं भांडण ऐकू यायला लागलं. व्याह्यानं त्यांना गप्प केलं. तळाशी तांब्याचा पत्रा, वर कोळशाचे नि मिठाचे थर, मधोमध हा पाइप. इथून हिरवी वायर घरातल्या प्रत्येक सॉकेटपर्यंत. माती सुकली की वाट अडते, म्हणून हे पाणी."

"असं होय!"

"आणि प्लगचा तो जाड पाय पाहिलायस? दोघांपेक्षा लांब असतो. सगळ्यांच्या आधी आत शिरतो, सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडतो. पाहुणा असावा तर असा! मग व्याही जेवायला बसला. काय जेवला म्हणतेस! घरातली पातेली निपटली. शेवटी मी माझं ताट त्याच्यापुढे सरकवलं."

शेजारीण कुंपणावर कोपर टेकून हसत होती. "मग आली का वीज कधी पत्र्यावर?"

इथं मी आवाज खाली आणतो. आणायला लागत नाही, आपोआप येतो.

"आली. व्याही गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. माझ्या या सुनेनं ओल्या हातानं वॉशिंग मशीनचं झाकण धरलेलं, आणि आतली वायर उंदरानं कुरतडलेली. वीज पत्र्यावर आली. हिला पाहिलं. 'ही तर त्यांची लेक,' म्हणाली आणि गुपचूप हिरव्या वायरीत वळली. ट्रिप स्विच खट्‌कन पडला. या पाइपातलं पाणी असं उकळलं की चहा टाकावा! गांडुळं वर येऊन सावलीत रांगेनं उभी राहिली. आणि ही? हिला मुंगीसुद्धा चावली नाही. मेलेला माणूस भिंतीत उभा राहून लेकीला सांभाळतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"गांडुळं उभी राहिली?" शेजारीण खदखदली. "काहीही हं, काका!"

मागे चिमट्यांचा डबा जरा जोरात खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मामंजी, खोटं," सून म्हणाली.

"बघा! मी म्हटलंच," शेजारीण म्हणाली.

"गांडुळांचं नाही हो. ती मी पाहिलीत." सुनेनं हातातला शर्ट झटकला. "पहार मामंजींनी धरलीच नव्हती. 'पाहुण्यानं दुसऱ्याच्या भिंती उचकटायच्या नसतात,' असं म्हणून हे आत गेले आणि दार लावून घेतलं. बाबांनी एकट्यानं खणलं, अंधार पडेपर्यंत. आणि ते जेवले नाहीत. ताट होतं तसं राहिलं. हातपाय धुतले आणि तसेच उपाशी गेले."

शेजारणीचं कोपर कुंपणावरून खाली आलं. मी बादलीच्या कडीशी चाळा करत उभा.

"बाकी सगळं खरं आहे," सून म्हणाली. माझ्या हातातली रिकामी बादली घेऊन तिनं ती पुन्हा नळाखाली धरली.