पुसायची राहिलेली ओळ

ताईचं नवं गाणं आलं आणि दोन दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. गायिका म्हणून तिचं नाव जुनंच. पण तिचं कुठलंही गाणं रेकॉर्ड व्हायच्या आधी धाकटी बहीण ते कच्चं गाऊन ठेवायची. ते ऐकून ताई चाल उचलायची, मग स्वतः गायची आणि धाकटीचा आवाज पुसला जायचा. ना दाद, ना फिर्याद.

या खेपेला रेकॉर्डिस्टच्या हातून एक ओळ पुसायची राहिली. नेमकी वरच्या सुराची, जिथे ताईचा आवाज हल्ली फाटायचा. ताईला ते लगेच कळलं. ती त्याला फोन करणारच होती, पण तोवर लोकांनी त्याच ओळीला डोक्यावर घेतलं होतं. कौतुकाला नको कोण म्हणतं? तिने फोन ठेवून दिला.

उरली आई. दोघींना गाणं तिनेच शिकवलेलं. नुसत्या खोकण्यावरून माणूस ओळखणारी म्हातारी. ताई गाणं लावून जीव मुठीत धरून तिच्या खाटेशी बसली.

गाणं संपलं. आईने डोळे पुसले. "ती वरची ओळ! तिथे माझी लेक सापडली गं मला." मग दाराकडे वळून म्हणाली, "ऐकलंस का धाकटे? याला म्हणतात गळा. तुला जन्मात जमलं नाही."

औषधाचा चमचा धरून उभी असलेली धाकटी ताईकडे बघत राहिली. ताईने मान खाली घातली.

"खरंय, आई," धाकटी खाटेशी येत म्हणाली. "आ कर."