जंगल कोणत्या हाताला

आमच्या ताईच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमत नाही. गेल्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी तिच्या डोक्यात शिरलं की भाऊजींना घेऊन स्कीच्या सुट्टीला जायचं. भाऊजी म्हणजे तिचे यजमान. दोन वर्षांपूर्वी आजारपणात त्यांची दृष्टी गेली. थोडीथोडकी नाही, पूर्ण गेली. मी म्हटलं, "ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" तिने चहात साखर ढवळत नुसतं "हं" केलं. म्हणजे विषय संपला.

तसे भाऊजी जुने खेळाडू. पंचवीस वर्षं दर हिवाळ्यात बर्फावर जायचे, ताईलाही त्यांनीच शिकवलं. पेशाने जमीन मोजणारे. कुठल्या प्लॉटची हद्द कुठल्या दगडापाशी वळते हे माणूस कागद न बघता सांगायचा, आणि समोरचा कागद उघडून बघायचा तर बरोबर निघायचं. आता तेच भाऊजी चमचा जागेवर सापडला नाही की "मीच विसरलो असणार" म्हणायचे. चमचा ताईने हलवलेला असायचा, तरीही. डोळे गेल्याचं दुःख त्यांनी पचवलं होतं, पण आता डोकंही जातंय अशी भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती. ते बोलून दाखवायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी उगाच चिडचिड करायचो.

ताईने जाऊ या म्हटल्याला आठवडा झाला. मग एक दिवस जेवताना म्हणाले, "येतो. पण अख्खा उतार मला इथे घरी पाठ झाला पाहिजे. नाही झाला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. कधीच नाही."

"कबूल," ताई म्हणाली.

ताई टॅक्सी कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये आहे. कानाला हेडफोन लावून दिवसभर ड्रायव्हरांना सांगायचं, डावीकडे घ्या, पुढच्या सिग्नलला उजवीकडे, थांबा. तीस गाड्या एकाच वेळी. बर्फावरही ती भाऊजींच्या मागून येणार आणि असंच सांगत राहणार, हा तिचा बेत. त्यासाठी तिला हवी होती शांत जागा, कारण आवाज ऐकू आला नाही तर सगळंच मुसळ केरात. मग काय, बाईसाहेबांनी एकेका रिसॉर्टला फोन लावायला सुरुवात केली. मी शेजारी बसून ऐकत होतो. सगळ्यांना प्रश्न एकच: "तुमच्याकडे उतारावर गाणी लावतात का?"

समोरचे हुरळून जायचे. "लावतो ना, नवीन स्पीकर बसवलेत." ताई "धन्यवाद" म्हणून फोन ठेवायची. असे एकोणीस फोन झाले. विसावा लागला एका अशा ठिकाणी, ज्याचं नाव मी तर सोडाच, भाऊजींनीही ऐकलं नव्हतं. फोन एका म्हातारीने उचलला. बिचारी ओशाळून म्हणाली, "नाही हो, आमच्याकडे स्पीकर नाहीत. डोंगरावर न्यायची लिफ्टसुद्धा एकच आहे. उतार दोनच. आणि लोक फारसे येतच नाहीत."

"मग आम्ही येतो," ताई म्हणाली. मी मनात हात जोडले. ही बाई माझी सख्खी बहीण आहे याचा मला त्या दिवशी खरंच अभिमान वाटला, पण तोंडावर सांगितलं नाही. आधीच ती कुणाला आवरत नाही.

म्हातारीने उतारांचा नकाशा पाठवला, उंचीच्या रेषांसकट. आता तो भाऊजींच्या हातात कसा द्यायचा? तिथे मी पुढे सरसावलो. मी दात बनवतो. डॉक्टर नव्हे, डॉक्टरला दात करून देणारा. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवतो, मी त्यात प्लास्टर ओततो, आणि त्यावर दात घडवतो. भाऊजी मला "दातवाले" म्हणतात. मी छाती पुढे काढून म्हटलं, "डोंगर मी करतो. केसाचाही फरक पडणार नाही."

तीन आठवडे लागले. दुकानातली कामं संपली की मेणाची लादी घ्यायची, नकाशा समोर ठेवायचा आणि कोरायचं. प्रत्येक चढ, प्रत्येक खोलगट. जंगलासाठी सुईने टोचून टोचून भोकं पाडली, म्हणजे प्लास्टरमध्ये त्याचे बारीक फुगवटे येतील. मग ओतलं. निघाला तेव्हा मी स्वतःच बघत राहिलो. पाटाएवढा पांढरा डोंगर, लिफ्टचे खांब काड्यापेटीच्या काड्यांचे. ताईने त्यावरून हात फिरवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. नकाशा फाइलमध्ये गेला आणि डोंगर भाऊजींच्या टेबलावर. पुन्हा दोन्ही शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नाही. मला तर नाहीच, माझ्या अंगात तेव्हा मस्ती भरली होती.

भाऊजी त्या डोंगराला चिकटले. सकाळी चहा झाला की डोंगर पुढ्यात. माथा छातीकडे, म्हणजे आपण वर उभे आहोत आणि उतार समोर खाली चाललाय. दोन बोटं हळूहळू खाली न्यायची. मी गेलो की मला म्हणून दाखवायचे: "सुरुवातीला सपाट. मग जंगल डाव्या हाताला ठेवून उजवीकडे मोठं वळण. मग आखूड डावं. खोलगट. खांबांच्या खाली जायचं नाही." महिन्याभरात त्यांचा चेहराच बदलला. चमचा सापडला नाही तर आता म्हणायचे, "तू हलवलास." ताईला एवढं बरं वाटायचं की ती मुद्दाम हलवायची, असा मला संशय आहे.

निघायला दहा दिवस राहिले होते. रविवारी दुपारी तिथल्या स्की शिकवणाऱ्या शिक्षकाचा फोन आला. ताईने स्पीकर चालू केला. माणूस भला, सावकाश बोलणारा. म्हणाला, "साहेब, सोपं आहे. वर उभं राहिलं की जंगल तुमच्या उजव्या हाताला. त्याच्यापासून लांब, डावीकडे पहिलं वळण घ्यायचं."

भाऊजींची बोटं डोंगरावर थांबली. "डाव्या हाताला ना? जंगल?"

"नाही साहेब, उजव्या. मी जन्मापासून इथेच आहे."

भाऊजींनी हात काढून मांडीवर ठेवले. आवाज न चढवता ताईला म्हणाले, "महिनाभर घोकून पहिलीच खूण उलटी. सांगितलं होतं ना मी, डोक्यात काही राहत नाही. त्यांना सांग, येत नाही म्हणून."

ताईचं तोंड उतरलं. "नंतर बोलू" म्हणून तिने फोन ठेवला. आणि माझ्या डोळ्यांना समोर दिसत होतं: डोंगरावरही जंगल डावीकडेच होतं. भाऊजींनी अक्षरही चुकवलं नव्हतं. त्यांना डोंगरच उलटा दिला होता.

कसा, ते कळायला मला क्षणही लागला नाही. साच्यातून निघालेली वस्तू साच्याच्या उलटी असते, डावं उजवीकडे जातं. माझ्या धंद्यात साचा तोंडावरून आलेला असतो, म्हणजे आधीच उलटा. त्यात ओतलं की सुलटं निघतं. तीस वर्षांत मी कधी स्वतः साचा कोरलाच नव्हता. या वेळी कोरला, तोही नकाशा बघून जसाच्या तसा सुलटा. शिकाऊ माणसाने केली असती तर मी त्याला हाकलून दिलं असतं अशी चूक.

खोटं का बोलू, एक क्षण गप्प बसावंसं वाटलं. मग भाऊजींच्या मांडीवरचे ते हात दिसले.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमचं काही चुकलेलं नाही. डोंगर उलटा झालाय. मी केलाय."

ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "समजूत नको काढूस, दातवाले. तुझं काम चुकत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे."

माझीच बढाई माझ्याच अंगाशी आली. मी चपला घातल्या आणि दुकानाकडे पळालो. दोन गल्ल्यांवर आहे, पण या वयात पळणं म्हणजे थट्टा नाही. मेणाचा साचा फळीवर तसाच होता. घेऊन आलो, धापा टाकत त्यांच्या पुढ्यात ठेवला, माथा छातीकडे. "हा साचा. नकाशासारखाच कोरलाय, फक्त उंच ते खोल. जंगल शोधा."

त्यांनी नाइलाजाने हात ठेवला. बोटं मेणावरून सरकली आणि सुईच्या भोकांवर गेली. उजव्या हाताला. मग दुसरा हात प्लास्टरवर. डाव्या हाताला. पुन्हा मेण, पुन्हा प्लास्टर. तीनदा केलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझं डोकं शाबूत आहे."

"तुमचं आहे," मी म्हटलं. "माझंच तपासून घ्यावं लागेल."

ताई फाइलमधून नकाशा काढून घेऊन आली. भाऊजींनी दोन्ही लाद्या बाजूला सारल्या. मोकळ्या टेबलावर बोट टेकवलं आणि वरून सुरुवात केली. "सपाट. जंगल उजवीकडे. डावीकडे मोठं वळण. मग आखूड उजवं. खोलगट." महिनाभर पाठ केलेला अख्खा उतार माणूस जागच्या जागी उलटा करून सांगत होता, न अडखळता, आणि ताईचं बोट नकाशावर त्यांच्या मागोमाग येत होतं. एकवीस वळणं. तळाशी पोहोचेपर्यंत एकही चुकलं नाही. मला माझा सगळा पराक्रम त्यापुढे पोरखेळ वाटला. ताई रडत होती आणि आवाज होऊ देत नव्हती.

"तू नाक पुसून घे," भाऊजी तिला म्हणाले, "आणि त्या माणसाला परत फोन लाव. मी बोलतो."

फोन लागला. भाऊजी खुर्चीत ताठ बसले होते, पूर्वी मोजणीच्या टेबलाशी बसायचे तसे. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "जंगल उजव्या हाताला. आमच्याकडचा नकाशा चुकला होता, दुरुस्त झाला. आम्ही येतोय."

"किती जण, साहेब?"

"तिघं," भाऊजी म्हणाले. मी जन्मात बर्फावर पाय ठेवलेला नाही आणि मला थंडी सोसत नाही, पण त्या घडीला तोंड उघडायची माझी छाती झाली नाही.