हत्तीच्या जागी गडवा

संक्रांतीचे वाण लुटून झाले होते आणि पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात. म्हणून इतवारीतली भांड्यांची गल्ली त्या दुपारी कधी नव्हे ती स्वतःचाच श्वास ऐकत बसली होती. पातेल्यांच्या उतरंडींवर ऊन येऊन थबकले होते. त्या निवांतपणाला छेद देत दीपमाला लॅपटॉप छातीशी धरून अशी धावत आली की हातगाडीवाल्याने घाबरून गाडी भिंतीला लावली.

"काय झालं वं? घराले आग लागली का?" गल्ल्यावर बसलेल्या कुसुमताईंनी विचारले. कुसुमताई म्हणजे दीपमालाची आत्या. भावाच्या दुकानाची तिजोरी आणि अख्ख्या गल्लीच्या बातम्या, दोन्हींच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या.

"आग नाही आत्या. नाव पाहिजे. सहाच्या आत."

"कोणाचं नाव?"

"माझ्या प्रोग्रामचं. बुद्धिबळवाल्या."

दिवसभर कंपनीचे काम आणि संध्याकाळी हे, अशी तिची दोन वर्षे गेली होती. घराच्या वरच्या खोलीत, कुणाच्या मदतीवाचून, तिने बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्राम घडवला होता. सुरुवातीला तो एका चालीपलीकडे पाहू शकत नसे. मग दोन चाली, मग चार, आणि एके दिवशी त्याने तिला अशा खुबीने मात दिली की ती खुर्चीवरून उठून खोलीभर नाचली होती. दुसरा प्रतिस्पर्धी नव्हता म्हणून तिने त्याला त्याच्याशीच खेळवत ठेवले. आरशासमोर बोलायला शिकणाऱ्या मुलासारखा तो स्वतःशी खेळता खेळता शहाणा होत गेला. आता घरी बनवलेल्या अशाच प्रोग्रामांची एक स्पर्धा इंटरनेटवर भरत होती. अर्जात सारे भरून झाले होते, नावाची एक चौकट तेवढी रिकामी होती. आणि नियम स्पष्ट होता: एकदा दिलेले नाव पुन्हा बदलता येणार नाही.

"याच्यात काय एवढं? बारशाले नाव आत्या ठेवते," कुसुमताई म्हणाल्या. मग थांबल्या. "पण याले बापच नाही. बाप नाही तं आत्या कुठून आणाची?"

समोरच्या लुगड्यांच्या दुकानातले मनोहरराव स्टुलावर बसून खो खो हसले. दुपारी गिऱ्हाईक नसले की ते इकडे येत, आणि भैयाजींशी पट मांडून बसत. आजही दोघांमध्ये पट मांडलेलाच होता.

भैयाजी मात्र हसले नाहीत. दीपमालाचे वडील बोलत कमी आणि ऐकत जास्त. त्यांच्या हातात विजेची लेखणी होती. एका स्टीलच्या डब्यावर ते कुणाचे तरी नाव टाकत होते. गल्लीत आता बहुतेकांनी छापील अक्षरांची यंत्रे आणली होती. भैयाजींचे अक्षर अजून हातातून उतरे, बारीक आणि किंचित उजवीकडे झुकलेले, जणू प्रत्येक नाव कुठेतरी निघाले आहे. आयुष्यभर नावे कोरणाऱ्या या माणसाकडेच आपल्याला हवे ते नाव असणार, असे वाटूनच ती धावत आली होती.

"काय काय नावं काढले तू?" कुसुमताईंनी विचारले.

"चतुरंग."

"हाक मारून पाहतो. नाव असं पायजे का गल्लीतून हाक मारली तं पोट्टं वळलं पायजे." मनोहररावांनी तोंडाभोवती तळवे धरले. "चतुरंगऽऽ! हॅत्, नाटक कंपनी आली असं वाटते."

"महावजीर?"

"हे तं फटाक्याच्या डब्यावरचं नाव."

"अग्निबाण."

"त्याले हाक मारू नका, खरंच बंब येईन!" कुसुमताई म्हणाल्या, आणि त्यांच्या हसण्याने रचलेल्या वाट्या किणकिणल्या.

दीपमालालाही हसू आले, पण नजर लॅपटॉपवरच्या घड्याळाकडे गेली. तिलाही ठाऊक होते. ही सगळी नावे भाड्याच्या शेरवानीसारखी होती. झगझगीत, आणि खांद्यावर ढिली. चुकीचे नाव एकदा चिकटले की ते जन्मभर दुसऱ्याच कुणाचे तरी वाटत राहणार होते.

"बाबा, तुम्हीच सांगा."

भैयाजींनी लेखणी बंद केली. गुणगुण थांबताच दुकान मोठे झाल्यासारखे वाटले.

"नाव टाकलेलं भांडं आपण वापस घेतो का?"

"नाही."

"मंग टाकाच्या आंधी काय करतो?"

"वाजवून पाहतो."

"तं तुह्यं भांडं वाजवून पाहू न आंधी." आणि त्यांनी पटावरची सगळी मोहरी एका हाताने बाजूला सारली.

"अहो भैयाजी!" मनोहरराव उभेच राहिले. "मी जिंकून राहिलो होतो!"

"म्हणूनच सारलं."

दीपमाला बसली. बसताना तिच्या लक्षात आले की या पटासमोर ती शाळेच्या वयानंतर प्रथमच बसते आहे. मोहरी तीच होती. उंटाचे नाक तुटलेले. आणि कोपऱ्यात, काळ्या हत्तीच्या जागी, तो तांब्याच्या घाटाचा इवलासा पितळी गडवा. मूळचा हत्ती तिच्या लहानपणीच कुठेतरी हरवला होता, आणि भैयाजींनी भातुकलीच्या खेळातला पाण्याचा गडवा उचलून तिथे ठेवला होता. तेव्हापासून या घरात काळ्याला एकच हत्ती, आणि दुसरा गडवा. त्याला कुणी हत्ती म्हणतच नसे.

काळी मोहरी प्रोग्रामची. भैयाजी पटावर चाल करीत, दीपमाला ती लॅपटॉपवर भरी, आणि पडद्यावर उमटलेले उत्तर पुन्हा पटावर मांडी. पहिल्या काही चालींतच भैयाजी पुढे वाकले. मोहरे ठेवण्याआधी पटावर बोटाने हलके वाजवण्याची त्यांची जुनी सवय होती. ते वाजवणे हळूहळू लांबू लागले.

"घोडा काहून मागे घेतला त्यानं?"

"पाहा तुम्ही."

त्यांनी पाहिले. बराच वेळ पाहिले. मग भुवया वर गेल्या. "अरे वा. माह्या उंटाची वाट अडवली न त्यानं!"

"भैयाजी," मनोहरराव म्हणाले, "तुमची नात तुमच्यावर भारी पडून राहिली."

"नातू," कुसुमताई.

"अजून नावच नाही, अन् तुमी नातू-नात ठरवून राहिले!" भैयाजी चक्क ओरडले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे काही पसरले की दीपमालाने पटकन पडद्याकडे नजर वळवली. डोळे भरून येण्याची ही वेळ नव्हती. तिचे मूल जिंकत होते.

भैयाजींच्या घोड्याने गडवा मारला तेव्हा त्यांनी तो पटाबाहेर, चहाच्या पेल्याशेजारी ठेवला. पण त्या गडबडीत काळ्याचे कडेचे प्यादे मोकळे सुटले. एक घर, आणखी एक घर. भैयाजींचा राजा त्याच्यामागे धावला आणि एका पावलाने कमी पडला. मनोहरराव स्टुलासकट पुढे सरकले. कुसुमताईंनी गिऱ्हाइकाला, आत आलेल्या खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकाला, हात करून थांबवले.

प्यादे शेवटच्या घरात पोचले. वजीर! दीपमालाने मारला गेलेला काळा वजीर उचललाच होता, इतक्यात भैयाजींनी तिचे मनगट धरले.

"थांब वं. त्यानं काय मांगितलं ते तं पाहा."

पडद्यावर वजीर नव्हता. हत्ती होता.

"गडवा झाला!" भैयाजींनी टाळी वाजवली. "कोपऱ्याचं घर कोणाचं? हत्तीचं. मंग प्याद्याचा गडवाच होईन न! बरोब्बर खेळून राहिलं लेकरू. हे आपल्याच घरचं हाय!" आणि पेल्याजवळचा गडवा उचलून त्यांनी तो टण्णकन कोपऱ्यात ठेवला.

दीपमालाच्या बोटांतून वजीर निसटून पटावर घरंगळला.

या घरात बुद्धिबळ जुन्या देशी रीतीने खेळले जाई: प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरी पोचेल, तेच मोहरे व्हायचे. स्पर्धांच्या नियमात मात्र प्यादे हवे ते होऊ शकते, आणि जवळजवळ प्रत्येक जण वजीरच मागतो. हे ती सातवीत असताना शाळाशाळांच्या सामन्यात शिकली होती. प्यादे घोड्याच्या घरी पोचल्यावर तिने मोठ्या अभिमानाने घोडा ठेवला, आणि जिंकलेला डाव हरली. समोरची मुलगी हसली होती. घरी येऊन ती म्हणाली होती, "बाबा, तुमचं बुद्धिबळ खोटं आहे." दुसऱ्या दिवशी भैयाजींनी तिला नियमांचे पुस्तक आणून दिले आणि पट उचलून दुकानात नेला. त्यानंतर दोघे कधीच समोरासमोर बसले नव्हते.

आणि आता हे. तिने प्रोग्रामच्या ओळी उघडल्या. तिथेच होते, तिच्याच हाताने लिहिलेले: प्याद्याने ज्याच्या घरात पाय ठेवला, त्याचे रूप घ्यावे. लिहिताना तिला क्षणभरही शंका आली नव्हती. पुस्तक तिच्या डोक्यात उतरले होते; बोटे मात्र या दुकानातच राहिली होती. स्वतःशीच खेळणाऱ्या प्रोग्रामला ही चूक कळण्याचा मार्ग नव्हता, दोन्ही बाजूंना तोच होता. उद्या समोरच्याने कोपऱ्यात वजीर मागितला असता, तर याने ती चाल मानलीच नसती आणि पहिल्याच डावात बाद झाला असता.

तिने सारे सांगितले. मनोहररावांनी हळूच टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे," भैयाजी म्हणाले, "पुन्हा माह्याच पायी हारली असती तू."

"बाबा, हारले कुठे? तुम्ही वाजवून पाहिलं म्हणून वाचले!" तिचा आवाज आनंदाने चिरकला. "आत्ता सापडलं! सहा वाजायचे आहेत अजून. तुम्हाला कळतंय का? हे सापडलं!"

ते तिच्याकडे पाहत राहिले. मग गडव्याकडे.

"काढावं लागन ते?"

"लागेल, बाबा."

"मंग काढ. बाजारात भांडं न्याचं तं माप बाजाराचंच लागते."

ती भराभर लिहू लागली. कुसुमताईंनी शटर अर्धे ओढून घेतले, गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितले, आणि गिऱ्हाईक जायलाच तयार होईना, कारण त्यालाही आता पाहायचे होते. ओळी बदलल्या. एकदा प्रोग्राम कोसळला, दीपमालाने जीभ चावली, पुन्हा लिहिले. मग तिने एक प्यादे कोपऱ्याशी उभे करून त्याला पुढे सोडले. पडद्यावर ते शेवटच्या घरात शिरले आणि वजीर होऊन उभे राहिले.

"झाला!" मनोहररावांनी स्टुलावर थाप मारली. गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या.

भैयाजींनी मान हलवली. त्यांनी पटावरून गडवा उचलून घेतला होता आणि अंगठ्याने त्याचे पोट पुसत ते उभे होते, विकायचे नसलेले भांडे पुसावे तसे.

"अवं, सहा वाजाले आले," कुसुमताई म्हणाल्या. "नाव?"

दीपमाला वडिलांच्या तळहाताकडे पाहत होती. इतके दिवस ती नाव आकाशात शोधत होती, बाणांत आणि वजिरांत. ते चहाच्या पेल्याशेजारी उभे होते. वाकडेतिकडे, पितळी, एका हरवलेल्या हत्तीचे काम वर्षानुवर्षे निमूट करणारे. तिने चौकटीत अक्षरे भरली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

भैयाजींनी चष्मा लावून वाचले. "गडवा?"

"गडवा."

"जगभरातले प्रोग्राम येतीन," मनोहरराव म्हणाले, "कोणी वाघ, कोणी वादळ. अन् आपला गडवा?"

"साऱ्या जन्मात मी भांड्यावर माणसाचं नाव टाकलं," भैयाजी हळूहळू म्हणाले, "अन् हे पोट्टी हुशार पोट्ट्यावर भांड्याचं टाकून राहिली." ते हसत होते की आणखी काही, हे चष्म्याआड कळेना. "थांब. बटन दाबू नको."

ते शटरखालून वाकून बाहेर गेले. ज्या माणसाचा आवाज शेजारच्या दुकानातही कधी पोचला नव्हता, त्याने पायरीवर उभे राहून छाती भरून घेतली.

"गडव्याऽऽऽ!"

गल्लीतली प्रत्येक मान वळली. सायकली थांबल्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. आणि पार टोकाकडून, हातगाड्यांच्या गर्दीतून, आपल्यालाच बोलावले असे समजलेल्या एका हमालाचा खणखणीत आवाज आला, "आलो भैयाजीऽऽ!"

सगळी गल्ली हसली. भैयाजी परत आत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "वळते," ते एवढेच म्हणाले. "दाब."

तिने बटण दाबले. नाव स्वीकारल्याची ओळ उमटली आणि कुसुमताईंनी कुणी न सांगता गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबला.

गर्दी पांगली. बाहेर दिवे लागू लागले. दीपमालाने लॅपटॉप मिटला तेव्हा काउंटरवर पट पुन्हा मांडलेला दिसला. गडवा आपल्या कोपऱ्यात होता. पांढरी मोहरी तिच्याकडे केलेली होती, आणि पलीकडे भैयाजी बसले होते, बोटे पटावर, वाजवायच्या तयारीत.

ती बसली. "बाबा, नियम कोणते? बाजाराचे की घरचे?"

"चाल न तू," ते म्हणाले. "प्यादं पोचू तं दे आंधी."