कात्रीचे तीन ठोके

खोटं कशाला बोलू, त्या बाईचा मला रागच होता. तिचा म्हणण्यापेक्षा तिच्या अख्ख्या खात्याचा. बालकल्याण म्हणे! कल्याण कुणाचं झालं ते दाखवा एकदा. आमच्या इमारतीत तिला सगळे ‘घार’ म्हणायचे. घिरट्या घालते आणि पिल्लू उचलते म्हणून. नाव मीच ठेवलं होतं.

मला कारण होतं. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या पायावर उकळतं पाणी सांडलं. सांडलंच, देवाशपथ. मी मशीनवर होते, त्यानं पातेलं ओढलं. दवाखान्यातून कुणीतरी कळवलं आणि तेव्हाची बाई आली, काखेत फाइल. तिनं घर बघितलं, मला चार प्रश्न विचारले आणि पोराला घेऊन गेली. अकरा महिने! अकरा महिन्यांनी परत आणून सोडला, तेव्हा दारात उभा राहून मला म्हणाला, “अहो, चपला कुठे ठेवू?” माझं पोर, मला अहो म्हणालं. आज बाप्या झालाय, लांब राहतो, फोन करतो. अजून अहोच म्हणतो.

तर मी ठरवलं, या इमारतीतल्या दुसऱ्या कुठल्या आईवर ही पाळी येऊ द्यायची नाही.

माझी खोली तळमजल्यावर, फाटकाला लागून. खिडकीत शिवणाचं मशीन. येणारा-जाणारा आधी मला दिसतो. आणि मशीनमागच्या कोपऱ्यातून पाण्याचा लोखंडी पाइप वर जातो, चारही मजल्यांच्या मोऱ्यांतून. घार फाटकात दिसली की मी कापड कापायची मोठी कात्री उचलायची आणि तिच्या मुठीनं पाइपवर तीन ठोके द्यायचे. आली! ती जिन्यानं वर पोचेपर्यंत सगळ्यांची घरं आरशासारखी. बाटल्या पलंगाखाली, पोरांची तोंडं धुतलेली, पुस्तकं उघडी. ती गेली की एक ठोका. गेली! मग इमारत हसायची. आम्ही त्याला ‘मावशीचा रेडिओ’ म्हणायचो.

बरोबर माझ्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, बेकरीत काम करणारी एक बाई राहायची, एकटी, सात वर्षांची मुलगी घेऊन. आई गोडबोली. “मावशी, तुम्ही आहात म्हणून माझं पोर माझ्यापाशी आहे,” म्हणायची, आणि माझे डोळे भरून यायचे. मुलगी मुकी नव्हती, पण बोलायची कमी. माझ्याकडे यायची ती कपड्यावर खुणा करायच्या खडूसाठी. झिजलेले तुकडे मी तिला द्यायची. ती फरशीवर खुडबुडत घरं काढायची, दार नसलेली. मी म्हणायची, “अगं खडू, माणसं आत जाणार कशी?” ती खांदे उडवायची. खडू हेच तिचं नाव पडलं.

आता सांगते ते सांगायला जीभ वळत नाही, पण सांगते.

उन्हाळ्यात आई फ्रॉकचं कापड घेऊन आली. म्हणाली, बाह्या मनगटापर्यंत करा, डास फार चावतात हिला. घामानं जीव चालला होता माणसांचा, आणि पूर्ण बाह्या! मी माप घेतलं. वहीत मागच्या वर्षीचं माप होतंच. उंची दोन इंच वाढली होती, कंबर दीड इंचानं उतरली होती. तीस वर्षं मापं घेते मी. वाढत्या पोराची कंबर उतरत नसते, हे मला कुणी शिकवायला नको. टेप दंडाभोवती घेतला तेव्हा पोरीनं डोळे मिटून घेतले. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “खातच नाही हो मेली, काय करू?” आणि मी म्हणाले, “हो गं, या वयात असंच असतं.”

बाह्या मनगटापर्यंत शिवल्या मी. आत थोडं कापडही सोडलं, पुढच्या वर्षी उसवून वाढवता येईल म्हणून.

घार त्या घरात सात वेळा आली. न सांगता यायची, कधी सकाळी, कधी भरदुपारी. सातही वेळा मी रेडिओ वाजवला. सातवी वेळ मंगळवारची. अकराचा सुमार असेल. तीन ठोके दिले. ती वर गेली, पंधरा मिनिटांत खाली आली. फाटकापाशी थांबून मला विचारलं, “मावशी, वरची मुलगी आत्याकडे गेलीय म्हणतात. तुम्ही जाताना बघितलंत का?”

मी मशीनवरून मानही वर केली नाही. “गेली असेल. मी काय पोरांची हजेरी घेते?”

ती फाटकातून निघून गेली.

जरा वेळानं पाइप वाजला. वरून. हलकेच, तीनदा. थांबला, पुन्हा तीनदा. मला हसूच आलं. म्हटलं कार्टी बघा कशी आमची नक्कल करते.

शुक्रवारी सकाळी रुग्णवाहिका आली. दोघांनी पोरीला चादरीत गुंडाळून आणली, घाई न करता. त्यांची ती सावकाश चाल बघूनच मी मशीनवरून उठले. मागून पोलीस आईला घेऊन गेले. चादरीतून एक बाही बाहेर आली होती. माझी टीप होती ती.

मग काय, फाटकापाशी जत्रा! कॅमेरे, माइक. आणि आमची इमारत, जी कालपर्यंत म्हणत होती की हे लोक पोरं पळवतात, तीच गळा काढून ओरडायला लागली, “सात वेळा येऊन हिला दिसलं नाही? डोळे होते का खाचा? पगार कशाचा घेतात?” नेलं तरी हे चोर, न नेलं तरी हे खुनी. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मीही ओरडले. सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले.

पंधरा दिवसांनी घार आली. या वेळी फाइल नव्हती. खिडकीतून दिसली, पण कात्रीला हात लावला नाही मी. दार वाजवून आत आली, स्टुलावर बसली. जवळून बघितलं तर तरुण होती हो, माझ्या मुलापेक्षा लहान. डोळ्यांखाली काळं झालेलं.

“मला घरी बसवलंय,” ती म्हणाली. “सोमवारी चौकशी आहे. त्यांचं म्हणणं, मी घरच्यांना आधी फोन करून जायची. कारण सातही वेळा घर तयार होतं. मी कुणालाच सांगायची नाही, मावशी. घरून निघताना माझं मलाच ठरलेलं नसायचं. मग त्यांना कळायचं कसं? तुम्ही खिडकीत असता. तुम्ही काही बघितलंय का?”

गप्प बसले असते तर सुटले असते मी. इमारतीतला एकही माणूस फुटला नसता. तिची नोकरी गेली असती, आणि माझी तर इच्छाच होती ना, एका तरी घारीचे पंख कापले जावेत!

पण वहीत ते माप आहे. रोज उघडते, रोज दिसतं.

मी कात्री उचलली. मूठ पुढे करून पाइपवर ठोके दिले. एक. दोन. तीन.

आणि इमारत हलली. तिसऱ्या मजल्यावर बादली सरकली, काचेच्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या, कुणीतरी पोराला दटावलं, “ऊठ, तोंड धू!” केरसुणी फिरली. खिडक्या उघडल्या. पंधरा दिवसांपूर्वी एवढं होऊनसुद्धा, सवय ती सवय. ती बाई मान वर करून ऐकत राहिली. आमच्या डोक्यावरच्या खोलीतून मात्र काहीच आवाज आला नाही.

“हे असं,” मी म्हणाले. “सात वेळा. सोमवारी येऊन सांगते. वहीपण आणते.”

मला वाटलं ती शिव्या देईल. खरं सांगते, मला हव्या होत्या. पण ती रागावली नाही. तिनं विचारलं, “त्या मंगळवारी ती खरंच आत्याकडे होती?”

“नाही. मोरीत कोंडलेली होती. तुम्ही गेल्यावर तिनं पाइप वाजवला. तीनदा. मग पुन्हा तीनदा.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मी खालून उलट वाजवला. एकदा,” मी म्हणाले. “तुम्ही गेलात म्हणून.”